जुन्या इंजिनाची किंमत

बँकेच्या खतावणीत इंजिनाला एक आयुष्य असते आणि विहिरीवर दुसरे. खतावणीतले इंजिन दरवर्षी घसाऱ्याने झिजत जाते आणि दहा वर्षांत त्याची किंमत नावापुरती उरते. विहिरीवरचे इंजिन मात्र त्या दहा वर्षांत जेमतेम अंगवळणी पडलेले असते. त्याचे हँडल कोणी मारायचे, किती फेऱ्यांनंतर खटका सोडायचा, थंडीत त्याचे काय नखरे असतात, हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक झालेले असते. मी तीसहून अधिक वर्षे बँकेत काढली. त्यातली बरीचशी तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात, म्हणजे १ मे १९९९ रोजी ज्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्या भागात. सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत या बाजूंच्या किती सात-बाऱ्यांवर इंजिनाच्या कर्जाचा बोजा चढवला आणि किती उतरवला, याची गणती नाही. कर्ज फिटेपर्यंत इंजिनावर रंगाने ‘बँकेकडे नजरगहाण’ असे लिहिलेले असे. त्यातली काही इंजिने आजही चालतात. अक्षरे पुसली, कर्जदार गेले, इंजिन आहे.

निवृत्तीनंतर माणूस लिहितो तरी किंवा फिरतो तरी. मी दोन्ही करतो. फिरताना एक गोष्ट ध्यानात आली. नव्या इंजिनाची चौकशी करणारे कमी झाले, पण जुने इंजिन शोधणारे अजून आहेत. कोणाची मोटार जळालेली असते, कोणाला विजेची जोडणी मिळालेली नसते, कोणाच्या विहिरीपर्यंत खांबच पोहोचलेले नसतात. अशा माणसाला पाणी आज हवे असते. तो मिस्त्रीला सोबत घेऊन निघतो आणि कुठल्या तरी गोठ्यात पोत्याखाली झाकलेले इंजिन बघायला जातो. आजचा विषय हाच: जुने इंजिन घ्यावे कसे, चालवावे कसे, आणि त्याची किंमत ठरवावी कोणी?

घरोघरचे इंजिन

आधी थोडा इतिहास. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे नीट चालू लागले. त्यानंतर १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात अशाच तऱ्हेचे एक लहान इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हे सांगितले की तो हसतो आणि म्हणतो, ‘साहेब, तेल खायला पुरंना, इंजनाला कुठून घालावं?’ इंग्लंडात डर्स्ली या गावच्या लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास मिनिटाला सहाशे फेरे घेणारे, दोन अवजड चाकांचे, पाच अश्वशक्तीचे इंजिन काढले. पुढे त्याच्या नकला राजकोटच्या कारखान्यांत इतक्या झाल्या की मूळ इंजिन बंद पडले तरी नकला जगभर जात राहिल्या.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि १९४६ मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना उभा राहिला. साताऱ्याच्या कूपरांनीही इंजिने काढली. किर्लोस्करांचे ‘एव्ही-वन’ हे एका सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे, पाच अश्वशक्तीचे इंजिन तर घरच्या माणसासारखे झाले. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, पिस्टनची धाव ११० मिलिमीटर, मिनिटाला १५०० फेरे. याच इंजिनावर अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या पोरांनी प्रयोग केले आणि याच इंजिनावर त्यांच्या बापांनी उसाला, गव्हाला, हळदीला पाणी दिले.

१९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७२ चा दुष्काळ पडला आणि विहीर व इंजिन ही जोडगोळी कर्जाच्या अर्जांत कायमची जाऊन बसली. मी नोकरीला लागलो तोवर मोट मागे पडली होती. काळ्या बेसाल्टच्या खडकात सुरुंग लावून विहीर खोदायची, मग इंजिनासाठी बँकेत यायचे, हा रिवाज होता.

मिस्त्रीची तपासणी

आमच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. वय माझ्याइतकेच. शाळा चौथीपर्यंत. त्यांच्यासोबत मी आठ-दहा वेळा तरी जुनी इंजिने बघायला गेलो असेन. त्यांची पद्धत एखाद्या जुन्या डॉक्टरसारखी आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ते इंजिनाला हात लावून बघतात. तापलेले असेल तर तिथेच बसून बिडी ओढतात. ‘थंड होऊ द्या. गरम इंजन कोणाचंबी चालतं,’ असे म्हणतात. विकणारा हुशार असेल तर गिऱ्हाईक येण्याआधी तास-दीड तास इंजिन चालवून ठेवतो, कारण झिजलेले इंजिनही तापल्यावर चटकन सुरू होते. खरी परीक्षा थंड इंजिनाची.

मग खटका न लावता ते चाक हळूहळू हाताने फिरवतात. पिस्टन वर येताना हवा दाबली जाते आणि चाक मागे रेटते. हा रेटा म्हणजे कॉम्प्रेशन. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा-सतरा पट दाबली गेली की इतकी तापते की त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. रेटा नसेल तर रिंगा गेल्या, लायनर झिजला किंवा झडपा नीट बसत नाहीत. मग चाक धरून खालीवर, आतबाहेर हलवून बघायचे. खेळ जास्त असेल तर बेअरिंग गेले. तेलाची पट्टी काढून तेल बघायचे. ताकासारखे पांढरट दिसले तर आत पाणी शिरले आहे.

त्यानंतर हँडल. इंजिन सुरू झाले की ते धुराकडे बघतात. काळा धूर म्हणजे नोझल बिघडले किंवा भार जास्त, निळसर धूर म्हणजे इंजिन तेल पिते, आणि पांढरा धूर राहिलाच तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे. शेवटी ते लांब पेचकसाचे टोक बेअरिंगच्या बाजूला टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. आमच्या जिल्ह्यात औंढा नागनाथाजवळ गुरुत्वलहरी टिपणारी ‘लायगो’ प्रयोगशाळा व्हायची आहे, २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून अणूच्या गाभ्याहूनही सूक्ष्म हालचाल तिथे मोजणार आहेत. ती होईल तेव्हा होवो. तोवर आमच्याकडचे सर्वांत नाजूक कंपन मोजणारे यंत्र म्हणजे मिस्त्रींचा कान.

पुतण्याची विमाने

या सगळ्याला माझ्या घरातच एक जोड मिळाली. माझा पुतण्या परदेशात असतो. पुण्यात कॉलेजात असताना तो एन.सी.सी.च्या हवाई शाखेत होता. तिथे छोटी विमाने बनवून उडवायला शिकला आणि तो नाद सुटला नाही. आता तो जुन्या काळातली मॉडेल जेट विमाने जमवतो. त्यांचे इंजिन विमानाच्या पोटात एका नळकांड्यात असते आणि नाकावर पंखा फिरत नाही. नळकांड्याच्या आत अनेक पात्यांचा छोटा पंखा असतो, इंजिन तो पंखा फिरवते आणि मागून हवेचा झोत निघतो. याला डक्टेड फॅन म्हणतात. नाकावर पंखा लावला तर लढाऊ जेटची ऐट जाते, म्हणून ही खटपट.

अशा इंजिनांचा भर १९८० च्या दशकात होता. जपानची ओ.एस., अमेरिकेची के अँड बी, इटलीची रॉसी ही त्यातली नावाजलेली नावे. पुतण्याने एकदा सांगितले, ‘काका, माझ्या मोठ्या इंजिनाचा सिलिंडर पंधरा सी.सी.चा आहे, आणि ताकद चार अश्वशक्तीच्या पुढे.’ मी चमकलो. एव्ही-वन साडेपाचशे सी.सी.चे, ताकद पाच. मग त्याने समजावले. ताकद म्हणजे रेटा गुणिले फेरे. आमचे इंजिन मिनिटाला दीड हजार फेरे घेते, त्याचे वीस-बावीस हजार. आमचे बैलासारखे रेटते, त्याचे चिमणीसारखे फडफडते. नळकांड्यातला पंखा लहान, म्हणून पुरेशी हवा लोटायची तर तो प्रचंड वेगाने फिरावाच लागतो.

ही इंजिने आता अशी कोणी फारशी बनवत नाही. १९९० च्या सुमारास जर्मनीतल्या कुर्ट श्रेकलिंग या हौशी माणसाने घरी बनवलेले छोटेसे खरे जेट इंजिन चालते हे दाखवून दिले, पुढे तशी इंजिने बाजारात आली. मग लिथियमच्या बॅटऱ्या आणि विजेच्या मोटारी आल्या. डक्टेड फॅनची तेलावरची इंजिने माळ्यावर गेली. तीच पुतण्या म्हाताऱ्या हौशी माणसांकडून विकत घेतो.

एकदा तो सुटीवर आला असताना मी त्याची आणि मिस्त्रींची गाठ घालून दिली. दोघांचे असे काही जमले की मला चहा सांगण्यापलीकडे काम उरले नाही. पुतण्या म्हणाला की त्याच्या इंजिनाला रिंगा नसतात. ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळेची नळी, आतून क्रोमचा मुलामा. नळी वरच्या टोकाला किंचित अरुंद. त्यामुळे थंड असताना पिस्टन वर येऊन अडकल्यासारखा वाटतो. नवख्याला वाटते इंजिन जाम झाले. खरे तर तेच चांगल्या इंजिनाचे लक्षण, कारण तापल्यावर पितळ जास्त फुगते आणि जागा बरोबर होते. थंड असताना जे सहज फिरते ते झिजलेले. मिस्त्री ऐकत राहिले आणि म्हणाले, ‘म्हंजे तुमच्याकडंबी थंडच बघायचं.’

मग पुतण्याने एरंडेलाची गोष्ट काढली. त्या इंजिनांना मिथेनॉल लागते आणि त्यात वंगण म्हणून बरेचदा एरंडेल मिसळतात. उष्णता सोसण्यात एरंडेलाचा हात धरणारे तेल कमीच. जगात सर्वांत जास्त एरंडी आपल्या देशात पिकते, त्यातही गुजरातेत, म्हणजे त्या विमानाच्या पोटातही आपल्याकडचाच माल असण्याचा संभव मोठा. पण वापर थांबला की हेच एरंडेल वाळून लाखेसारखे चिकट होते आणि इंजिन घट्ट बसते. अशा वेळी अडाण्यासारखा पाना लावून जोर केला तर आतला दांडा वाकतो. हलक्या आचेने तापवायचे, पातळ तेल सोडायचे, वाट बघायची. मिस्त्रींनी मान डोलावली. गोठ्यात वर्षानुवर्षे पडलेल्या इंजिनाच्या रिंगा पिस्टनला चिकटतात, तेव्हा तेही सिलिंडरमध्ये डिझेल सोडून रात्रभर तसेच ठेवतात. हातोडीला हात लावत नाहीत.

मिथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. म्हणून उडवून झाले की टाकीतले इंधन संपेपर्यंत इंजिन चालवून मग आत तेलाचे थेंब सोडायचे, नाहीतर बेअरिंग गंजते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पंखा आणि नळकांडे इंजिनासोबतच घ्यायचे. एका कंपनीचा पंखा दुसऱ्या इंजिनाच्या दांड्यावर बसेलच असे नाही, आणि पंखा बनवणारे कारखाने बंद झालेले. पात्याला बारीक तडा असला तरी बावीस हजार फेऱ्यांत तो तुकडा गोळीसारखा सुटतो. तडा गेलेले पाते चिकटवून वापरायचे नाही, फेकून द्यायचे. आमच्याकडेही असेच. इंजिन, पंप, पट्टा आणि फुटव्हॉल्व्ह यांचा मेळ जमलेला संच मिळाला तर दोन पैसे जास्त द्यावेत. सुटे सुटे स्वस्तात घेऊन जमवणारा वर्षभर दुकानांच्या पायऱ्या झिजवतो.

खेळण्यासाठी घेणारा आणि पोटासाठी घेणारा, दोघांचे प्रश्न तेच: दाब आहे का, बेअरिंग शाबूत आहे का, सुटे भाग मिळतात का, आणि आधीच्या मालकाने ते कसे ठेवले? फरक एकच. पुतण्याचे इंजिन बिघडले तर त्याचा रविवार जातो. इथले बिघडले तर पीक जाते.

दोन एकर हळद

सेनगाव तालुक्यातल्या एका घराची हकीकत सांगतो. नावे सांगण्याचे कारण नाही. दोन एकर हळद. हे पीक आठ-नऊ महिने शेतात उभे असते आणि गड्डे पोसण्याच्या काळात पाण्याचा ताण सहन करत नाही. नेमक्या त्या दिवसांत मोटार जळाली. मोटार भरून मिळायला आठवडा लागणार, रोहित्रही नादुरुस्त, ते कधी बदलून येईल याचा भरवसा नाही. गोठ्यात वडिलांच्या काळचे इंजिन पोत्याखाली पडलेले होते. थोरला मुलगा ते भंगारात द्यायचे ठरवून बसला होता. भंगारवाला किलोच्या भावाने घेणार होता, आणि त्या पैशांत मोटारीची दुरुस्ती भागत होती. हिशेब चुकीचा नव्हता. मी बँकेत असतो तर मीही तोच मांडला असता.

आई आडवी आली. ‘ते यांनी घेतलेलं इंजन हाय. त्याच्यावर तुमच्या शाळा झाल्या. आधी मिस्त्रीला दाखवा, मग इका.’

मिस्त्रींना दोन दिवस लागले. टाकीत गंज आणि पाणी, नोझल चोंदलेले, रिंगा चिकटलेल्या. लायनर मात्र ठीक होता, कारण नवऱ्याने शेवटचे बंद करताना आत तेल सोडून ठेवले होते आणि धुराच्या नळीच्या तोंडावर डबा उपडा घातला होता. नव्या रिंगा, नोझल आणि तेल एवढ्यात काम झाले. तिसऱ्या दिवशी हँडल मारले. चौथ्या प्रयत्नाला ते बोलले.

आता हिशेब बघा. असे इंजिन पुऱ्या भाराने तासाला साधारण एक लिटर डिझेल खाते. दोन एकरांची एक पाळी चौदा-पंधरा तासांत उरकली. डिझेलचा भाव नव्वद रुपयांच्या आसपास धरला तर तेराशे-चौदाशे रुपये. विजेच्या मानाने हे महाग, वर्षभर परवडणारे नाही. पण त्या आठवड्यात ते पाणी तेराशे रुपयांचे नव्हते, दोन एकर हळदीचे होते. थोरल्याने भंगारवाल्याला परत पाठवले. इंजिन आता पुन्हा गोठ्यात आहे, पण टाकी रिकामी करून, तेल सोडून आणि डबा उपडा घालून.

नको कधी म्हणावे

वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. मी जुन्या इंजिनाची आरती ओवाळायला बसलेलो नाही. हँडलने उलटा झटका देऊन मनगटे मोडलेली माणसे मी बघितली आहेत. स्वस्तात पडते म्हणून डिझेलमध्ये रॉकेल मिसळून पंप आणि नोझल यांचे वाटोळे करून घेणारेही बघितले. आणि एक गोष्ट तर हात जोडून सांगायची. पंप पाणी वर ओढतो ते फार तर सात-आठ मीटरपर्यंत. म्हणून पाणी खाली गेले की पूर्वी इंजिनच विहिरीतल्या कपारीवर उतरवत. त्याचा धूर विहिरीत साठतो, त्यातला विषारी वायू दिसत नाही, वास देत नाही आणि खाली उतरलेला माणूस वर येत नाही. त्याला वाचवायला गेलेलाही येत नाही. इंजिन विहिरीत उतरवू नये. फुकट मिळाले तरी आणि पीक जळत असले तरी.

लायनर खोल झिजला असेल, क्रँकवर ओरखडे असतील, बॉडीला तडा असेल तर मिस्त्री सरळ म्हणतात, ‘हे भंगार हाय.’ सौर पंप मिळत असेल तर तो घ्यावा. २०२४ पासूनच्या राज्याच्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्केच हिस्सा भरावा लागतो. उन्हाला बिल येत नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी शेतांवर आता पाट्या चमकतात आणि इंजिनाची टुकटुक ऐकू येत नाही. याचे मला वाईट वाटत नाही. धूर गेला, कटकट गेली, रात्रीचे जागरण गेले.

काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. मिस्त्रींकडे शिकायला कोणी येत नाही. त्यांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात आहे आणि तिथे बरे चालले आहे. सौर पंप बिघडला की तक्रार नोंदवायची, माणूस यायची वाट बघायची, तो पेटी बदलून जातो. उघडून बघायची सोय नाही आणि बघू म्हणणारा हातही नाही. यंत्र आपले आणि त्याची विद्या दुसऱ्याची, अशी ही नवी व्यवस्था आहे. पुतण्या सांगतो की त्याच्या मंडळातल्या म्हाताऱ्यांनी निदान लिहून ठेवले आहे: कोणत्या इंजिनाला कोणते बेअरिंग, किती तेल, कोणता पंखा. आमच्याकडे सगळे कानात आणि बोटांत.

म्हणून सध्या मी एक उद्योग आरंभला आहे. आठवड्यातून दोन दिवस वही घेऊन मिस्त्रींच्या टपरीत बसतो. ते बोलतात, मी उतरवतो. आवाज कसा लिहायचा हा मोठा प्रश्न आहे. बेअरिंग जाताना ‘खळखळ’ येतो की ‘खडखड’, यावर आमचा परवा अर्धा तास वाद झाला. तालुक्याच्या आय.टी.आय.तला एक पोरगा अधूनमधून येऊन उभा राहतो. परवा मिस्त्रींनी न बोलता पेचकस त्याच्या हातात दिला आणि कानाकडे बोट दाखवले.